टॉलपडलच्या शेतमजुरांची वंशकथा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील डॉर्सेट परगण्यात बिअर रीजिस नावाचे एक जुने गाव आहे. तेथील चर्चमध्ये टर्बरव्हिल या सरदार घराण्याची दगडी थडगी असून खिडकीच्या रंगीत काचांवर त्या कुळाची मानचिन्हे झळकत असतात. टॉमस हार्डीने १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टेस’ या कादंबरीत नायिकेचे जे लयास गेलेले थोर कूळ कल्पिले, त्याला आधार याच घराण्याचा होता. आपले नाव टिकावे म्हणून एवढी तजवीज करूनही या घराण्याचा पुरुषवंश केव्हाच खुंटला. उलट तेथून काही मैलांवर, पिडल नदीच्या काठी वसलेल्या टॉलपडल या खेड्यातील ज्या शेतमजुरांजवळ ना वीतभर जमीन होती ना वंशाची एखादी लेखी निशाणी, त्यांचा वेल अटलांटिक ओलांडून कॅनडात पसरला, आणि आज त्याचा माग पिढ्यान्पिढ्या लावता येतो.

हे कसे शक्य झाले, याचा विचार करू लागले म्हणजे एक विषण्ण करणारे सत्य हाती लागते. आपल्याकडे गेल्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून काढले. सनदा, वतनपत्रे, घरातील हिशेबाच्या वह्या आणि तीर्थोपाध्यायांची बाडे हा त्यांचा आधार होता. म्हणजे ज्या घरात लिहिणारा होता आणि लिहिण्याजोगे वित्त होते, त्याच घराने आपला इतिहास राखला. इंग्लंडमधील शेतमजुराला यांपैकी काहीच लाभले नव्हते. त्याच्याविषयी जे काही लिहिले गेले ते दुसऱ्याने लिहिले: पाद्र्याने, न्यायाधीशाच्या कारकुनाने, तुरुंगाच्या दारोग्याने, गावची मदत मागायला आलेल्यांची यादी करणाऱ्याने. गरिबाच्या वंशावर जितकी आपत्ती अधिक कोसळली, तितके त्याचे कागद अधिक, असा हा न्याय आहे, आणि टॉलपडलच्या लव्हलेस व स्टँडफील्ड या कुळांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरतो.

मुळारंभी चर्चचे दप्तर. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉम्वेल याने १५३८ साली प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम काढला, आणि तेव्हापासून इंग्लंडमधील सामान्य माणूस प्रथमच कागदावर आला. पण ही दप्तरे वाचणे सोपे नाही. १७५२ पूर्वी इंग्लंडात कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे एखाद्या मुलाचा फेब्रुवारीतला जन्म आजच्या हिशेबाने पुढच्या वर्षात पडतो. नावांचे वर्णलेखन तर लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून, म्हणून स्टँडफील्डचे स्टॅनफील्ड व्हायला उशीर लागत नसे. त्यातून लव्हलेस मंडळी मेथॉडिस्ट पंथाची. टॉलपडलमध्ये त्या पंथाचे छोटे प्रार्थनागृह १८१८ साली उभे राहिले होते, आणि जॉर्ज लव्हलेस स्वतः गावोगाव पायी जाऊन प्रवचने देत असे. प्रस्थापित चर्चशी फटकून राहणाऱ्या अशा कुटुंबांचा शोध घेताना पॅरिशच्या वहीवर विसंबून चालत नाही. पंथाची निराळी दप्तरे, जी पुढे सरकारने मागवून घेतली, तीही धुंडाळावी लागतात.

मग १८३३ साल उजाडते. डॉर्सेटमध्ये शेतमजुराची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, आठावरून सात अशी घसरत आली होती आणि ती सहांवर आणण्याची भाषा चालली होती. सात शिलिंगांत बायकामुलांचे पोट भरणे अशक्य आहे, हे मालकांना नम्रपणे सांगूनही जेव्हा उपयोग झाला नाही, तेव्हा जॉर्ज लव्हलेसच्या पुढाकाराने गावात शेतमजुरांची एक मित्रसंस्था स्थापन झाली. संघटना करणे तेव्हा गुन्हा नव्हता. परंतु सभासद करून घेताना गुप्ततेची शपथ घेतली जात असे, आणि आरमारातील बंडाळीच्या काळात, १७९७ साली, केलेला बेकायदा शपथांविरुद्धचा एक कायदा जेम्स फ्रॅम्प्टन या जमीनदार मॅजिस्ट्रेटच्या उपयोगी पडला. २४ फेब्रुवारी १८३४ रोजी पहाटे सहा जणांना पकडण्यात आले: जॉर्ज लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स, टॉमस स्टँडफील्ड, त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. मार्च महिन्यात डॉर्चेस्टरच्या न्यायालयाने सहाही जणांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची सजा फर्मावली. मागे राहिलेल्या बायकांनी पॅरिशकडे पोटापुरती मदत मागितली, तर तीही त्यांना नाकारण्यात आली. उपाशी मुलांच्या आयांना असे परत पाठवणाऱ्या सत्तेविषयी पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतरही मनात संताप येतो, आणि तो यावा हेच योग्य आहे.

वंशशोधकाच्या दृष्टीने मात्र येथून अंधार एकाएकी फिटतो. जी माणसे काल केवळ बाप्तिस्म्याच्या एका ओळीत होती, त्यांच्याविषयी आता खटल्याचे कागद आहेत, तुरुंगातील नोंदी आहेत, आणि ऑस्ट्रेलियात उतरवून घेताना केलेल्या याद्या आहेत. अशा यादीत कैद्याचे वय, उंची, वर्ण, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, येणारा धंदा, वाचता-लिहिता येते की नाही, असा सगळा तपशील टिपलेला असे. टॉलपडलच्या सामान्य कुणब्याचा चेहरा कोणी कधी रेखाटला नसता. सरकारने तो रेखाटला, पण पळून गेला तर ओळखता यावा म्हणून. जॉर्ज आजारी पडल्याने मागे राहिला व पुढे टास्मानियात, म्हणजे त्या काळच्या व्हॅन डीमन्स लँडमध्ये, पाठवला गेला. बाकीचे पाच जण न्यू साउथ वेल्समध्ये विखुरले. हॅमेट तर एडवर्ड जॉन आयर या, पुढे प्रवासी संशोधक म्हणून गाजलेल्या तरुणाच्या शेतावर कामाला नेमला गेला होता.

इकडे लंडनमध्ये प्रचंड निदर्शने झाली, अर्जांचा वर्षाव झाला, आणि मार्च १८३६ मध्ये सरकारला माफी जाहीर करावी लागली. जॉर्ज १८३७ च्या जूनमध्ये परतला, त्याचा भाऊ, दोघे स्टँडफील्ड व ब्राइन १८३८ मध्ये, आणि हॅमेट १८३९ मध्ये. लंडनच्या सहायक समितीने जमवलेल्या निधीतून एसेक्स परगण्यात ग्रीन्स्टेड व हाय लेव्हर येथे त्यांच्यासाठी शेते खंडाने घेण्यात आली.

ग्रीन्स्टेडचे चर्च ओकच्या उभ्या चिरलेल्या खोडांनी बांधलेले, सुमारे अकराव्या शतकातले आहे. तेथे जून १८३९ मध्ये जेम्स ब्राइनचे टॉमस स्टँडफील्डची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न लागले, आणि ज्याला या वंशाची गाठ कोठे आहे हे पाहायचे असेल त्याने अशा नोंदीवर क्षणभर थांबावे. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये नवी नागरी नोंदणी सुरू झाली होती व विवाहाच्या वहीला छापील रकाने आले होते. अनुक्रमांक, विवाहाची तारीख, वधूवरांची नावे, वय (तेथे कित्येकदा नुसते ‘सज्ञान’ असे लिहून कारकून मोकळा होई), अविवाहित की विधुर, धंदा, राहण्याचे ठिकाण, आणि मग शेवटचे दोन रकाने: पित्याचे नाव व पित्याचा धंदा. खाली सह्या; लिहिता येत नसल्यास फुली. वधूच्या बापाचे नाव या वहीत मिळते, आईचे मिळत नाही.

आणि येथे तर सारा वंश त्या आईभोवतीच फिरतो! एलिझाबेथची आई डायनाह ही जॉर्ज व जेम्स लव्हलेस यांची सख्खी बहीण. तिला मध्यभागी ठेवून पाहिले की ज्यांना इतिहास सहा मजुरांची टोळी म्हणतो ती एका घरची माणसे असल्याचे दिसून येते: तिचे दोन भाऊ, तिचा नवरा, तिचा मुलगा, आणि परत आल्यावर तिचा जावई झालेला ब्राइन. सहांपैकी पाच. ज्या एका स्त्रीमुळे हे नाते जुळते, तिला लेकीच्या लग्नाच्या नोंदीत रकाना नव्हता. आणि इंग्लंड-वेल्समध्ये विवाहाच्या नोंदीत मातेचे नाव घेण्याची तरतूद प्रत्यक्षात आली ती ४ मे २०२१ रोजी. शोधकाला म्हणून वाट वाकडी करून, मुलांच्या जन्मनोंदीत आईचे माहेरचे आडनाव असते तेथून, मागे चालावे लागते. वंशवृक्ष काढणाऱ्या बहुतेकांची वाट चुकते ती याच वळणावर, आडनावाच्या मागे धावताना.

१८४१ च्या खानेसुमारीच्या वेळी ही कुटुंबे एसेक्समध्ये होती. ती खानेसुमारी फारशी उपकारक नाही. पंधरा वर्षांवरील माणसांची वये तीत पाचाच्या पटीत खाली उतरवली आहेत, आणि जन्म याच परगण्यात झाला काय, एवढेच विचारले आहे. गावाचे नाव व घरातील नाते १८५१ पासून लिहू लागले, पण तोपर्यंत हॅमेट वगळता बाकीचे पाचही जण सहकुटुंब इंग्लंड सोडून गेले होते. एसेक्समधील शेजाऱ्यांना आणि धर्मोपदेशकांना ही ‘शिक्षा झालेली’ माणसे खुपत होती; १८४० च्या दशकाच्या मध्याला त्यांनी वरच्या कॅनडातील लंडन या नव्या वसाहतीचा रस्ता धरला. समुद्रप्रवासाचा हा टप्पा म्हणजे वंशशोधातील मोठी दरी, कारण इंग्लंडातून बाहेर जाणाऱ्या उतारूंच्या याद्या सलगपणे मिळतात त्या १८९० पासूनच्या.

दरीच्या पलीकडे मात्र हात द्यायला दुसरे कागद उभे आहेत. कॅनडाच्या खानेसुमारीत, इंग्लंडमध्ये त्या काळी न विचारलेला, धर्मपंथाचा प्रश्न विचारला जात असे; त्यामुळे ‘इंग्लंडात जन्म, पंथ मेथॉडिस्ट, धंदा शेती’ या तीन खुणांनी योग्य घर ओळखता येते. ऑन्टारिओत जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८६९ साली सुरू झाली. टॉमस स्टँडफील्ड १८६४ मध्ये वारला, म्हणून त्याच्यासाठी थडग्याचा दगडच पाहावा लागतो. जेम्स लव्हलेस १८७३ मध्ये, जॉर्ज १८७४ मध्ये वारला, ते नोंदणीच्या काळात येतात. जॉर्जची समाधी लंडनजवळच्या सायलोअम दफनभूमीत आहे. जॉन स्टँडफील्ड, जो एकविसाव्या वर्षी बेड्या घालून जहाजावर चढवला गेला होता, तो लंडन ईस्ट या नगराचा महापौर झाला. ब्राइन सर्वांत मागे राहिला, १९०२ पर्यंत.

ही मंडळी नव्या देशात आपल्या पूर्वायुष्याविषयी फारशी बोलली नाहीत, आणि त्यांच्या कित्येक वंशजांना आपला पणजोबा कोण होता हे उशिरा कळले. मला यात काही नवल वाटत नाही. काळ्या पाण्याहून आलेल्या माणसाला स्वतःचे निरपराधित्व पक्के ठाऊक असले तरी, शेजारी ते मान्य करतील अशी हमी त्याला कोणी दिली नव्हती.

हॅमेट तेवढा टॉलपडलला परतला, गवंडीकामावर मजुरी करून राहिला. १८७५ साली शेतमजूर संघाने त्याचा जाहीर सत्कार केला. पण म्हातारपणी तो डॉर्चेस्टरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे सरकारी दरिद्रगृहात, जाऊन राहिला व १८९१ मध्ये तेथेच वारला. त्याच्या कबरीवरचा दगड शिल्पकार एरिक गिल याने १९३४ च्या शताब्दीला कोरला. त्याच वर्षी कामगार संघटनांनी गावात वृद्ध शेतमजुरांसाठी सहा घरे बांधली, आणि दर जुलैत तेथे मेळावा भरतो.

ज्यांना इंग्लंडात राहिलेल्या अशा कुटुंबांचा माग विसाव्या शतकात आणायचा असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, खानेसुमारीचे कागद शंभर वर्षे बंद ठेवण्याचा शिरस्ता असल्याने १९२१ चे कागद जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. इंग्लंड-वेल्सचे १९३१ चे कागद डिसेंबर १९४२ च्या आगीत जळून गेले. १९४१ साली महायुद्धामुळे मोजणीच झाली नाही. २९ सप्टेंबर १९३९ रोजी ओळखपत्रांसाठी केलेली नोंदणी ही पोकळी काही अंशी भरून काढते. त्यानंतरची, १९५१ ची खानेसुमारी याच नियमाने २०५२ मध्ये खुली होईल.