डोंगर खचतो, शासन वाट पाहते

सावंतवाडी तालुक्यात डोंगर खचणे ही आता नवलाची बातमी राहिलेली नाही. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत शिरशिंगे, असनिये भागात डोंगर खचला. वरचा सच्छिद्र जांभा पाणी पितो, ते खालच्या चिकणमातीवर अडते, माती निसरडी होते आणि वरचा भार उताराने सरकू लागतो. घर कोसळण्याआधी जोते तडकते, भिंत फाटते. इशारा मिळालेला असतो. पंचनामा मात्र घर पडल्यावर होतो.

अलास्कातील न्यूटॉक गावाखालची वर्षानुवर्षे गोठलेली जमीन वितळून खचली, नदीने काठ गिळला. तेथील युपिक आदिवासींनी मर्टार्विक येथे नवे गाव उभारले आणि २०१९ पासून कुटुंबे तिकडे हलू लागली. माणसे मरण्याआधीही गाव हलवता येते!

आपल्याकडे माळीणला ३० जुलै २०१४ रोजी दीडशेवर माणसे गाडली गेली. नवी घरे २०१७ साली मिळाली. पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले. पुढे २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इरशाळवाडी. माळीण आणि इरशाळवाडीत मेले ते आदिवासी. उतारावर राहतो कोण? ज्याच्या वाट्याला सपाट जमीन आली नाही तो.

निवारा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंग खटल्यात १९९५ साली सांगितले. म्हणून आम्ही म्हणतो, तडा गेलेल्या घराची नोंद पावसाळ्यापूर्वी करा, पाहणीचा अहवाल ग्रामपंचायतीत लावा आणि नावावर सातबारा नसलेल्यालाही पर्यायी घर द्या. चार महिने शाळेच्या खोलीत ठेवणे म्हणजे पुनर्वसन नव्हे.