वैमानिकाची मुलाखत आणि चित्ताची स्थिरता

विमान धावपट्टी सोडून नुकतेच वर चढत असता त्याचे एक इंजिन बंद पडले, तर वैमानिकाने प्रथम काय करावे? वैमानिकपदाच्या मुलाखतीत असा प्रश्न अकस्मात विचारला जातो आणि उत्तर ठाऊक असलेला उमेदवारही गोंधळून जातो. याचे कारण शरीराच्या घडणीत आहे.

संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलीन हे द्रव्य रक्तात सोडतात. नाडी जलद होते, श्वास वेगाने चालू लागतो. झुंजण्यास वा पळून जाण्यास ही सिद्धता उपयोगी पडते, असे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली ग्रंथरूपाने मांडले. परीक्षकांपुढे मात्र झुंजावयाचे नसते आणि पळावयाचेही नसते. तेथे विचार करावयाचा असतो आणि भीती फार वाढली की नेमकी विचारशक्तीच खुंटते.

म्हणून प्रश्न पुरता ऐकून घ्यावा व एक श्वास सावकाश सोडावा. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. मग उत्तर क्रमाने द्यावे. वैमानिकांना शिकविला जाणारा क्रमही असाच आहे : आधी विमान ताब्यात ठेवावयाचे, नंतर मार्ग पाहावयाचा आणि त्यानंतर संदेश द्यावयाचा. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तरही येथूनच सुरू होते.

एखादी गोष्ट माहीत नसल्यास तसे स्पष्ट सांगावे व ती कोणत्या नियमपुस्तिकेत सापडेल तेही सांगावे. आकाशात निव्वळ अंदाजावर विसंबल्यास त्याची किंमत प्रवाशांना मोजावी लागते. परीक्षक उत्तराबरोबर हा विवेकही पारखीत असतात.