एका पासवर्डाचा अखत्यार

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबविल्यापासून कचेऱ्यांतून संगणक बदलण्याची जी लगबग चालली आहे, तिच्यात एक जुनीच तक्रार नव्याने कानी येते: पगारपत्रकाचा वर्षानुवर्षे वापरलेला प्रोग्रॅम नव्या यंत्रावर उघडू जावे, तो पडदा एकाएकी काळवंडतो आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागणारी चौकट पुढे उभी राहते. जुन्या यंत्रावर कारकुनाचे खातेच ॲडमिनिस्ट्रेटरचे असल्यामुळे तेथे नुसते ‘होय’ दाबून भागत असे.

अशा अडचणीवर एका कचेरीने काढलेला तोडगा मी स्वतः पाहिला आहे. पगाराची तारीख तोंडावर आलेली, संगणक-विभागाचा माणूस दुसऱ्या इमारतीत. तेव्हा तो पासवर्ड हजेरीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलेला होता आणि गरज पडेल तो तेथून पाहून घेत होता. यात कारकुनाचा दोष मला तिळमात्र दिसत नाही. त्याला पगार वेळेवर काढावयाचा होता. परंतु एका पगारपत्रकासाठी दिलेला तो पासवर्ड त्या यंत्रावरील प्रत्येक दप्तर उघडणारा, विषाणूप्रतिबंधक पहारा उठविणारा आणि हवे ते स्थापित करू देणारा होता.

जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोघा संशोधकांनी १९७५ साली संगणकीय माहितीच्या संरक्षणावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील एक तत्त्व मला या साऱ्या प्रकरणाचे मर्म वाटते: प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रॅमलाही नेमल्या कामापुरताच, किमान अखत्यार असावा. ‘प्रोग्रॅमलाही’ या शब्दावर मी मुद्दाम भर देतो, कारण चौकट कारकुनावर अविश्वास दाखवीत नाही; त्याच्या नावाने प्रोग्रॅम काय करू पाहतो, ते ती विचारते. पडदा काळवंडतो तोही याचसाठी, की त्या क्षणी इतर प्रोग्रॅमना ‘होय’ची कळ परस्पर दाबता येऊ नये.

मग पगारपत्रकाला एवढा अखत्यार हवा कशाला? पुष्कळदा तो मुळीच नको असतो. विंडोज एक्सपीच्या काळी बहुतेक सर्वच जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून वावरत, म्हणून प्रोग्रॅम रचणारे आपल्या नोंदी सरळ प्रोग्रॅमच्याच फोल्डरात लिहीत. २००७ मध्ये घरोघर पोचलेल्या व्हिस्टाने ती मोकळीक आवरली. काही जुन्या प्रोग्रॅमांच्या बाबतीत तर फाइलच्या नावात ‘सेटअप’ किंवा ‘अपडेट’ हे इंग्रजी शब्द दिसताच विंडोज त्यांना स्थापनेचा प्रोग्रॅम समजते आणि परवानगी मागते.

तेव्हा पासवर्ड वाटण्यापेक्षा, नोंदी जेथे जातात त्या एकट्या फोल्डरात लिहिण्याचा हक्क कारकुनाच्या खात्यास द्यावा. आणि कचेरीप्रमुखांना माझी आग्रहाची विनंती आहे, की देखभालीच्या कराराचे नूतनीकरण करताना पुरवठादाराकडून एवढे एक कलम लिहून घ्यावे: रोजच्या कामाचा प्रोग्रॅम सामान्य खात्यावर चालला पाहिजे.