चाकांवरचे घर आणि न्यूझीलंडचे घाट

ख्राइस्टचर्चच्या विमानतळावर उतरलेल्या पर्यटकांपैकी अनेकांची पावले हॉटेलच्या टॅक्सीकडे न वळता भाड्याच्या गाड्यांच्या आगाराकडे वळतात. तेथे त्यांची वाट पाहत उभी असते कॅम्परव्हॅन. झोपण्याची जागा, दोन शेगड्यांचा ओटा, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी आणि बहुधा शौचालय एवढा सगळा संसार पोटात घेऊन ही गाडी पंधरा-वीस दिवस समुद्रकिनारे आणि डोंगररस्ते तुडवते. मुक्कामाची आगाऊ बांधाबांध नाही, सामानाची रोजची उचलठेव नाही आणि जेवणासाठी हॉटेल शोधणे नाही. शाकाहारी कुटुंबांना तर शेवटचा मुद्दा पुरेसा वाटतो. मात्र अनोळखी देशात घरच चालवत न्यायचे म्हटले की त्या देशाचे हवामान, रस्ते आणि कायदे यांचीही ओळख करून घ्यावी लागते. न्यूझीलंडच्या बाबतीत ही ओळख थोडी सविस्तरच हवी.

हा देश मुख्यतः दोन बेटांचा. समुद्रापासून १३० किलोमीटरपेक्षा दूर असे एकही ठिकाण त्यात नाही. दक्षिण बेटाच्या पाठीवर सदर्न आल्प्सची रांग आडवी पसरली असून ३,७२४ मीटर उंचीचे आओराकी अर्थात माउंट कुक हे तिचे सर्वोच्च शिखर. दोन बेटांमधील कुकची सामुद्रधुनी ओलांडण्यासाठी वेलिंग्टन ते पिक्टन अशी बोट आहे. ती कॅम्परव्हॅनसह प्रवाशांना साधारण साडेतीन तासांत पलीकडे पोहोचवते. या सामुद्रधुनीत वारा इतका माजतो की फेऱ्या रद्द होणे स्थानिकांना नवे नाही. म्हणूनच परतीचे विमान आणि बोट एकाच दिवशी ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

भारतीय चालकाला सुरुवात सोपी वाटते. वाहतूक डावीकडून, सुकाणू उजवीकडे आणि परवान्यावरील मजकूर इंग्रजीत असेल तर पर्यटकाला तोच परवाना चालतो. इंग्रजीत नसल्यास अधिकृत भाषांतर लागते. अडचण पुढे आहे. खुल्या रस्त्यावरील वेगमर्यादा सर्वसाधारणपणे ताशी १०० किलोमीटर असते आणि साडेतीन टनांहून जड गाडीला ती ९० पर्यंतच आहे. परंतु ज्या रस्त्यांना नकाशावर 'राज्य महामार्ग' म्हटले आहे, ते बहुतेक ठिकाणी दोन पदरी असून दुभाजकाविना आहेत. ख्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन हे अंतर साधारण ४८० किलोमीटर. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या हिशेबाने ते पाच तासांत उरकेल असे वाटते. उंच, जड गाडी घेऊन वळणे आणि चढ पार करताना तो अख्खा दिवस खातो. मागे गाड्यांची रांग लागली तर सुरक्षित जागा मिळताच बाजूला थांबून त्यांना वाट देणे हे तेथे केवळ सौजन्य मानले जात नाही, तो नियम आहे.

पश्चिम किनाऱ्यावर एकपदरी पुलांची मालिकाच लागते. पुलाआधीच्या गोल फलकावर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचे. निळ्या चौकोनी फलकावर आपला बाण मोठा आणि पांढरा असेल, तर पहिला हक्क आपला. 'जो आधी घुसेल त्याचा पूल' या आपल्याकडील अलिखित नियमाला तेथे थारा नाही.

खरा कस लागतो तो पावसात. दक्षिण गोलार्धातील चाळीस ते पन्नास अक्षांशांच्या पट्ट्यात पश्चिमेकडून बाष्पाने भरलेले वारे जवळपास वर्षभर वाहतात. ते सदर्न आल्प्सवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि पश्चिम उतारावर रिते होतात. सह्याद्रीच्या माथ्यावरचे महाबळेश्वर आणि पलीकडच्या पायथ्याची वाई यांच्यातील फरक ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे तो फरक फारच टोकाचा आहे. मिलफर्ड साउंड येथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या अलेक्झांड्रा गावी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. शिवाय आपल्या मान्सूनसारखे याला चार महिन्यांचे वेळापत्रक नाही. ऐन उन्हाळ्यातही दोन दिवसांत नद्या दुथडी भरून वाहू लागतात.

त्यातच हा देश भूकंपप्रवण पट्ट्यावर वसलेला, डोंगर तरुण आणि ठिसूळ. परिणामी रस्ता तुटणे ही तेथे नित्याची बाब. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी कायकोउरा परिसरात झालेल्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने पूर्व किनाऱ्यावरचा मुख्य महामार्ग दरडींखाली गाडला गेला आणि तो पुन्हा खुला व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. मार्च २०१९ मध्ये फ्रान्झ जोसेफ हिमनदीजवळचा वायहो नदीवरील पूल पुराने वाहून नेला. तीन आठवड्यांच्या आत तो पुन्हा उभारला गेला हे खरे, पण तोवर किनाऱ्यालगतचा रस्ता मध्येच तुटलेला होता. अशा किनाऱ्यावर पर्यायी रस्ता म्हणजे डोंगररांग ओलांडून शेकडो किलोमीटरचा वळसा. सप्टेंबर २०१३ मध्ये हास्ट खिंडीत कोसळलेल्या दरडीने एक कॅम्परव्हॅन नदीत लोटली आणि तिच्यातील दोघा परदेशी पर्यटकांचा मृत्यू झाला. त्यानंतर कित्येक महिने तो रस्ता रात्री बंद ठेवला जात असे. हास्टच्या आसपास मोबाइलला लांबवर संपर्क मिळत नाही. म्हणून निघण्यापूर्वी रस्त्यांची स्थिती पाहणे, नकाशे आधीच उतरवून घेणे आणि मुसळधार पावसात गावातच थांबून राहणे एवढे तीन नियम कुटुंबप्रमुखाने स्वतःशी पक्के करावेत. घर सोबत असल्याने थांबणे सोपे असते. या प्रवासप्रकाराचा हाच तर मोठा फायदा.

मिलफर्डचा रस्ता हे या सगळ्याचे सार म्हणता येईल. ते आनाउ गावापासून सुमारे १२० किलोमीटरच्या या वाटेवर होमर बोगदा लागतो. मंदीच्या काळात बेरोजगारांना काम म्हणून १९३५ मध्ये मूठभर मजुरांनी कुदळ-फावड्यांनी त्याची सुरुवात केली. हिमस्खलनांत कामगारांचे बळी गेले, युद्धामुळे काम रखडले आणि १९५४ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. सव्वा किलोमीटरचा हा बोगदा कातळातून तीव्र उताराने मिलफर्डच्या दिशेने खाली उतरतो. १९८३ मध्ये हिमस्खलनाने रस्त्याच्या देखभालीवरील एका कर्मचाऱ्याचा बळी घेतला. त्यानंतर येथे हिमस्खलन नियंत्रणाची शिस्तबद्ध व्यवस्था उभी राहिली. धोका वाढला की रस्ता बंद करून हेलिकॉप्टरमधून स्फोटके टाकली जातात आणि बर्फ मुद्दाम पाडला जातो. मे ते नोव्हेंबर या काळात चाकांना लावायच्या साखळ्या गाडीत बाळगाव्या लागतात.

मराठी घरांचा घोटाळा नेमका येथेच होतो. आपल्या शाळांना सुटी मे महिन्यात आणि तेथे तेव्हा हिवाळ्याची चाहूल. महिनाअखेरीस दक्षिणेकडे संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधारून येते आणि सावलीतल्या वळणांवर पहाटेचा बर्फ डोळ्यांना दिसतही नाही. भाडे कमी आणि गर्दी विरळ हे आकर्षण खरे. पण बर्फात गाडी चालवण्याचा अनुभव नसलेल्याने या दिवसांत उंच खिंडी टाळून किनाऱ्याजवळचा आणि उत्तर बेटाचा बेत आखणे बरे. दिवाळीची सुटी त्या मानाने सोयीची, कारण तेव्हा तेथे वसंत असतो. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम, परंतु तीच त्यांची उन्हाळी सुटी असल्याने गाड्या आणि तळ दोन्ही महाग.

खाऊच्या डब्यांचाही विचार आधीच करावा. न्यूझीलंडमध्ये उतरताना प्रत्येक खाद्यपदार्थ प्रवेशपत्रावर नोंदवावा लागतो. नोंद न केलेली वस्तू सापडली तर जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. मध न्यायचाच नाही. ट्रेकिंगच्या बुटांना चिकटलेली सह्याद्रीची मातीही धुऊनच न्यावी.

रात्री गाडी कोठे उभी करायची, हा प्रश्न तेथील गावांत अनेक वर्षे वादाचा आहे. मोफत तळ ठोकणाऱ्या पर्यटकांनी नदीकाठ आणि किनारे यांचे शौचालय केले, ही तक्रार वाढत गेली आणि २०११ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा आला. २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. 'स्वयंपूर्ण' ठरण्यासाठी आता शौचालय गाडीत कायमचे बसवलेले हवे. बिछान्याखाली सरकवलेले सुटे भांडे चालत नाही. असे प्रमाणपत्र नसलेल्या गाडीने स्थानिक परिषदेच्या जागेत, खास परवानगी असलेली ठिकाणे वगळता, मुक्काम केल्यास शेकडो डॉलरचा दंड होतो. प्रमाणपत्र असले तरी फलकावर मनाई असेल तेथे थांबता येत नाही. हे कागद गाडी ताब्यात घेतानाच तपासावेत, कारण स्वस्तात मिळालेल्या छोट्या व्हॅनमध्ये नेमके हेच नसते. सशुल्क पर्याय दोन आहेत. वीजजोडणी, गरम पाणी आणि सामायिक स्वयंपाकघर असलेले हॉलिडे पार्क किंवा संवर्धन खात्याचे साधे, निसर्गरम्य तळ. सांडपाणी आणि मैल्याची टाकी ठरवून दिलेल्या केंद्रावर स्वतःच्या हाताने रिकामी करावी लागते. सहलीच्या रंगीत पुस्तिकेत या कामाचे छायाचित्र सहसा नसते.

डिझेलच्या गाडीचा हिशेबही वेगळा. तेथे पंपावर डिझेल स्वस्त दिसते, कारण रस्त्याचा कर किलोमीटरवर आकारला जातो आणि भाडेकंपनी तो शेवटी बिलात लावते.

आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या चिमुकल्या काळ्या माश्या. १७७३ मध्ये डस्की साउंडला थांबलेल्या कॅप्टन कुकनेही त्यांच्या चाव्यांची तक्रार आपल्या रोजनिशीत नोंदवली आहे. मिलफर्डचे सौंदर्य पाहून माणसे तेथेच कायमची राहतील, या भीतीने देवतेने त्या सोडल्या, अशी माओरी कथा आहे. अंधार पडला की त्या नाहीशा होतात. तोवर गाडीचे दार लावून आत चहा टाकावा.