आठवड्याला ७० तास राबलं, तर काम खरंच वाढतं का? समजून घ्या गणित

रात्रीचे साडेदहा. जेवण उरकून जरा टेकावं, तर ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज येतो. उत्तर दिलं नाही तर कामचुकार ठरण्याची भीती, दिलं तर झोपेचं खोबरं. पण सतत कामाला जुंपून घेतल्यानं हाती नेमकं काय लागतं?

चर्चा कुठून सुरू झाली?
देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, असं मत इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मांडलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी थेट ९० तासांचा आणि रविवारीही काम करण्याचा आग्रह धरला. त्यावर टीकेची झोड उठली.

जास्त तास, जास्त काम?
स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ जॉन पेंकावेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासल्या. आठवड्याला ५० तासांच्या आसपास जाईपर्यंत तासांबरोबर उत्पादनही वाढत होतं. त्यानंतर मात्र हात मंदावले. ७० तासांच्या आठवड्यातलं उत्पादन ५६ तासांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. म्हणजे वरचे १४ तास जवळपास पाण्यात! रविवारची सुट्टी बुडाली की त्याचाही फटका उत्पादनाला बसत होता.

तिथं निदान तयार माल मोजता येत होता. ऑफिसात अनेकदा मोजले जातात ते लॅपटॉपसमोरचे तास.

शरीराचं काय?
जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये एक अहवाल दिला. त्यानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के, तर हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. दीर्घ कामाच्या तासांमुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाल्याचा या संघटनांचा अंदाज आहे.

रविवार फुकट मिळालेला नाही
मुंबईच्या गिरण्यांमध्ये एकेकाळी साप्ताहिक सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' स्थापन करून ती मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मंजूर झाली. तोच रविवार आज आपण मोबाइलवर मेल बघत घालवतो.

मग करायचं काय?
थांबणं सगळ्यांनाच परवडत नाही. ऑर्डरमागे पैसे मिळणाऱ्या डिलिव्हरी बॉयचा ब्रेक त्याच्या कमाईतूनच कापला जातो. पण ज्यांना शक्य आहे, त्यांनी आठवडाभर एक नोंद ठेवून पाहावी: रात्री उशिरा थकून केलेलं किती काम दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करावं लागलं?