केमोथेरपीतील केशपतन आणि विगची निवड

परळ, लालबाग, दादर या परिसरात चिकित्सालय चालविणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना एक अनुभव आलेला असेल. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात केमोथेरपी घेत असलेली एखादी रुग्णा डोक्याला रुमाल गुंडाळून येते आणि केस लवकर उगवतील असे तेल किंवा लेप मागते. तेलाविषयी आपण बोलतो. मात्र पुढचे सहा-आठ महिने ती समाजात कशी वावरणार, याविषयी आपण बहुधा काहीच सांगत नाही. सांगितलेच तर ‘एखादा चांगला विग घ्या’ एवढेच.

आम्हीही हेच सांगत होतो. काही वर्षांपूर्वी लालबागमधील एका रुग्णेला भाचीच्या लग्नाला जायचे होते. तिने आमच्या शब्दावर विसंबून नाटकांना टोप पुरविणाऱ्या एका कारागिराकडून विग आणला. टोप सुबक होता, पण कपाळापाशी तो गोंदाने चिकटवावा लागे. तिसऱ्या दिवशी केशरेषेवर फोड आले, त्यांत पू झाला, ज्वर आला आणि केमोथेरपीची पुढची मात्रा लांबणीवर पडली. दोष कारागिराचा नव्हता. गिरगाव-दादरच्या रंगभूमीसाठी घडविलेला टोप हा नटाच्या निरोगी त्वचेवर तीन तास राहण्यासाठी असतो. हा भेद सांगणे आमचे काम होते आणि आम्ही ते केले नव्हते. म्हणून हा विषय व्यवसायबंधूंपुढे मांडत आहोत.

केशपतनाचे स्वरूप

डोक्यावरील सुमारे ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. केसांच्या मुळाशी पेशींचे विभाजन वेगाने चाललेले असते. वेगाने विभागणाऱ्या पेशींवर आघात करणारी डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल यांसारखी औषधे कर्कपेशींबरोबर या मुळांवरही आघात करतात. पहिल्या मात्रेनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांत केस झुपक्यांनी गळू लागतात. उपचार संपल्यावर बहुधा एक ते तीन महिन्यांत नवे केस दिसू लागतात व महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. डोक्यावर किरणोपचार झाले असल्यास मात्र केस कायमचे जाण्याची शक्यता असते.

वाग्भटांनी एकाएकी होणारे इंद्रलुप्त आणि क्रमाने होणारे खालित्य असा भेद केला आहे. केमोथेरपीतील केशपतन वेगाने इंद्रलुप्तासारखे वाटले तरी त्याचा हेतू आगंतुक आहे. त्यामुळे इंद्रलुप्तात सुश्रुतांनी सांगितलेले प्रच्छान आणि गुंजाकल्काचा लेप येथे सर्वथा वर्ज्य समजावा. या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. त्वचेवरील लहानशी खरोचही जंतुसंसर्गाचे द्वार ठरू शकते. पोटात घ्यावयाचे औषधही कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याविना देऊ नये.

टोपीचे प्रकार

विग पाहताना ग्राहक केसांचा रंग आणि लांबी पाहतो. वैद्याने मात्र विग उलटा करून आतील टोपी पाहावी. त्वचेशी चोवीस तासांतील दहा तास संबंध येतो तो या टोपीचा.

पहिला प्रकार पट्ट्यांच्या टोपीचा. यंत्राने शिवलेल्या केसांच्या पट्ट्या लवचीक फितींवर आडव्या जोडलेल्या असतात. पट्ट्यांमध्ये मोकळी जागा असल्याने हवा खेळते. किंमतही सर्वांत कमी. मात्र डोक्यावर केस नसताना पट्ट्यांची शिवण टोचते व घासते. स्वतःचे थोडे केस शिल्लक असणाऱ्यांना हा प्रकार चालतो. पूर्ण केस गेलेल्यांनी आत मऊ सुती टोपी घालूनच तो वापरावा.

दुसरा प्रकार मोनोफिलामेंटचा. माथ्यावर पारदर्शक, बारीक जाळी असून तिच्यात एकेक केस हाताने गाठलेला असतो. त्यामुळे भांग कोणत्याही बाजूला पाडता येतो आणि भांगात त्वचेचा रंग दिसतो. एकेरी जाळीच्या गाठी संवेदनशील त्वचेला खरखरीत लागू शकतात. म्हणून आत मऊ अस्तर असलेली दुहेरी जाळी श्रेयस्कर. पुष्कळदा केवळ माथा असा असतो व बाजूंना पट्ट्याच असतात; हे खरेदीपूर्वी तपासावे.

तिसरा प्रकार पूर्ण हाताने गाठलेल्या टोपीचा. संपूर्ण टोपी मऊ, ताणली जाणारी व हलकी असते आणि शिवण टोचत नाही. केशहीन डोक्यासाठी ही सर्वांत सुखकर. परंतु महाग व नाजूक.

चौथा प्रकार लेसच्या कडेचा. कपाळापाशी तलम लेस असल्याने केशरेषा नैसर्गिक भासते. यातील काही विग फितीवर घट्ट बसतात, तर काही गोंदाने किंवा चिकटपट्टीने बसवावे लागतात. केमोथेरपी चालू असताना चिकटविण्याचा विग घेऊ नये, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

पाचवा प्रकार सिलिकोन किंवा पॉलियुरेथेनच्या तळाचा. तो घट्ट बसतो, पण त्यातून घाम बाहेर पडत नाही. मुंबईच्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत आणि ऑक्टोबरच्या उष्म्यात तो पित्तप्रकृतीच्या रुग्णाला सोसवत नाही. दीर्घकाल इंद्रलुप्त असलेल्या व त्वचा निरोगी असलेल्या व्यक्तीनेच त्याचा विचार करावा.

खालित्यात केवळ माथा विरळ झालेला असेल तर संपूर्ण विगची गरज नसते. क्लिपांनी बसणारा छोटा तुकडा पुरतो. मात्र क्लिपा रोज त्याच जागी लावल्यास ओढ बसून उरलेले केसही गळतात, हे रुग्णास सांगावे.

निवड कशी करावी

रुग्णास तीन प्रश्न विचारावेत : केस किती काळ नसतील, डोक्याची त्वचा कशी आहे आणि दिवसातून किती तास विग घालावा लागेल. केमोथेरपीच्या रुग्णेला विग बहुधा वर्षभराहून अधिक लागत नाही. तेव्हा दागिने मोडून खऱ्या केसांचा महाग विग घेण्याची आवश्यकता नाही. अस्तर असलेल्या मोनोफिलामेंट माथ्याचा कृत्रिम केसांचा विग पुष्कळांना पुरेसा होतो. हे केस धुतल्यावरही आपला आकार धरून राहतात. परंतु उष्णतेने वितळतात. गॅसपुढे उभी राहणारी किंवा कुकरचे झाकण उघडणारी गृहिणी या सूचनेवाचून पहिल्याच आठवड्यात विग खराब करून घेते. स्वयंपाकघरात विग काढून सुती रुमाल बांधावा.

शक्य तर केस गळण्यापूर्वीच विग पाहावा. रंग व केशरचना जुळविणे त्यामुळे सोपे जाते. माप मात्र केस गेल्यावर पुन्हा घ्यावे, कारण डोक्याचा घेर थोडा कमी भरतो. कपाळावरील केशरेषेपासून कानांच्या वरून मानेच्या खोबणीपर्यंत फीत फिरवावी. स्त्रियांमध्ये हे माप साधारण ५४ ते ५७ सेंटिमीटर असते. मागील बाजूस घट्ट-सैल करता येणाऱ्या फिती असाव्यात. विग इतका घट्ट नको की काढल्यावर कपाळावर वळ राहावा.

झोपताना विग काढावा. डोके कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची हरकत नसेल तर अखंड त्वचेवर साधे खोबरेल हलक्या हाताने लावावे. तेल लावलेल्या डोक्यावर लगेच विग चढवू नये. कृत्रिम केसांचा विग आठ-दहा वेळा वापरल्यावर, आणि घामाच्या दिवसांत त्याआधीही, थंड पाण्यात सौम्य शाम्पूने धुऊन सावलीत वाळवावा.

औषधालयचालकांसाठी

औषधालयात विग ठेवले नाहीत तरी माप घेण्याची फीत आणि मऊ सुती आतटोप्या अवश्य ठेवाव्यात. विग विकत असाल तर प्रत्येक ग्राहकास नवी आतटोपी देऊनच तो घालून पाहू द्यावा. ज्या रुग्णांची ऐपत नाही त्यांना रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे पाठवावे; दान केलेल्या केसांचे विग विनामूल्य देणाऱ्या संस्थांची माहिती तेथे मिळू शकते. बाहेरगावाहून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या रुग्णांना ही वाट ठाऊक नसते. केशवर्धक तेल देताना ‘केमोतही केस गळणार नाहीत’ असे आश्वासन देऊ नये; तसे घडत नाही. कर्करोगावरील औषधांची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे, याचेही स्मरण असावे.

ती रुग्णा बरी झाली. तिच्या डोक्यावर नवे, किंचित कुरळे केस आले आणि विग तिने कपाटात ठेवून दिला. परंतु लांबलेल्या त्या मात्रेचे दिवस आम्ही विसरलेलो नाही. यापुढे रुमाल बांधलेली रुग्णा तेल मागावयास आली, तर तिने आणलेला किंवा आणावयाचा विग आधी उलटा करून पाहावा, एवढीच सर्व व्यवसायबंधूंना व भगिनींना नम्र विनंती.