पडद्यावरचा पेशंट

आयसीयूच्या काचेबाहेर उभे असलेले नातेवाईक पेशंटकडे कमी आणि मॉनिटरकडे जास्त बघतात. कोविडनं ‘सॅच्युरेशन’ हा शब्द घराघरात नेऊन ठेवला, तेव्हापासून तर फारच. ९६चे ९२ झाले की काकांच्या पोटात गोळा. ‘सिस्टर, अहो, कमी कसं काय झालं?’ सिस्टर ढिम्म. पेशंटनं हात हलवला, बोटाची क्लिप सरकली, हे तिला बघताक्षणी कळलेलं असतं. आकडा तोच, पण बघणाऱ्या दोघांच्या डोक्यात दोन निराळ्या गोष्टी! गंमत अशी की आत काम करणाऱ्या टीमचंही असं होतं. त्यामुळे सगळ्यांना एकच गोष्ट दिसावी म्हणून आकड्यांचं चित्र करायची खटपट दीडशे वर्षं चालू आहे. तिच्यातले हे निवडक मासले.

पैज लागली आणि चार्ट निघाला

१८९४च्या सुमाराचं बॉस्टन, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल. त्या काळी भूल द्यायचं काम शिकाऊ पोरांच्या गळ्यात मारलं जायचं. ना धड शिकवणी, ना कुणाची देखरेख. हार्वे कुशिंग नावाच्या विद्यार्थ्याच्या हातून एक रुग्ण टेबलावरच दगावला. तो इतका हादरला की डॉक्टरकीच सोडायच्या विचारात होता. त्याचा मित्र अर्नेस्ट कॉडमन. दोघांनी पैज लावली: भूल चांगली कोण देतो ते बघू, हरेल त्यानं जेवण द्यायचं! या चुरशीच्या दिवसांतच दोघं ऑपरेशन चालू असताना नाडी आणि श्वास कागदावर मांडू लागले. पुढे १९०१ साली कुशिंग इटलीतल्या पाव्हियाला गेला, तिथं रिवा-रॉची यांचा रक्तदाब मोजायचा पट्टा त्यानं पाहिला आणि तो अमेरिकेत आणला. चार्टवर बीपीचीही रेघ आली. हाच कुशिंग पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेतला बाप माणूस झाला. आजही भूलतज्ज्ञ चार्ट भरतात तेव्हा एका जेवणाच्या पैजेचा वारसा चालवत असतात.

कॉटच्या पायथ्याशी लटकणाऱ्या टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टचं घराणं त्याहून जुनं. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या तापाच्या नोंदी गोळा करून १८६८मध्ये त्यावर पुस्तक काढलं. कुठला ताप कसा चढतो, कसा उतरतो, ते रेघेवरून ओळखायची सवय डॉक्टरांना लागली ती त्यांच्यामुळे.

पहिला मॉनिटर दोन पायांचा

१९५२, कोपनहेगन. पोलिओची भयंकर साथ. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं धडाधड दाखल होत होती आणि यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं मार्ग काढला: गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि रबरी पिशवी हातानं दाबत राहायचं. दाबणार कोण? मेडिकलचे विद्यार्थी! सुमारे दीड हजार जणांनी पाळ्या लावून पिशव्या दाबल्या. व्हेंटिलेटरही तेच, मॉनिटरही तेच. पोराचा रंग बदलला का, घाम आला का, नजर काय सांगतेय, हे उशाशी बसून बघायचं आणि हाताचा वेग ठरवायचा. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९५३मध्ये, इब्सेननं त्याच शहरात कायमचा अतिदक्षता विभाग उघडला. आयसीयूच्या इतिहासात पडदे नंतर आले, उशाशी बसणारी माणसं आधी.

बोलणं २ टक्के, घोळ ३७ टक्के

हा आकडा माझा सर्वांत आवडता. जेरुसलेममधल्या एका आयसीयूत संशोधकांनी कॉटशेजारी बसून सगळं टिपलं. १९९५ साली छापून आलेला हिशेब असा: एका पेशंटसाठी दिवसाला सरासरी १७८ कामं आणि त्यात १.७ चुका. शेकडा एक चूक म्हणजे तसं बरंच बरं. पण पुढे वाचा. डॉक्टर आणि नर्स एकमेकांशी बोलले, असं काम एकूण कामांच्या जेमतेम २ टक्के. आणि नोंदवलेल्या चुकांपैकी ३७ टक्के नेमक्या या बोलण्यातल्या!

आता आपल्याकडची सकाळची ड्युटी बदलताना आठवा. कॉटच्या पायथ्याशी भलाथोरला चार्ट पसरलेला. तासातासाची नाडी, बीपी, ड्रिप किती गेली, लघवी किती झाली. रात्रीची सिस्टर पेनाचं टोक रकान्यावरून सरकवत सांगतेय, दिवसाची सिस्टर मान डोलावतेय, तेवढ्यात शेजारच्या कॉटचा अलार्म वाजतो, मावशी बेडपॅन घेऊन मधून जातात, फोन येतो. पेन पुढच्या ओळीवर गेलेलं असतं. पहाटे चारला लघवी कमी झाली होती, हे सांगायचं राहूनच जातं. चार्टवर ते लिहिलेलं आहे बरं का. फक्त आता ते कुणाच्या डोक्यात नाही.

आणि मजकूर तरी थोडाथोडका? टोरांटोच्या एका बालरुग्णांच्या आयसीयूत मोजणी झाली, तेव्हा एका मुलामागे दिवसाला तेराशेच्या वर नोंदी निघाल्या.

‘आज या पेशंटचं करायचंय काय?’

जॉन्स हॉपकिन्सच्या पीटर प्रोनोव्होस्ट यांनी राउंड संपल्यावर हा साधा प्रश्न सिस्टरना आणि निवासी डॉक्टरांना विचारून बघितला. नीट सांगू शकले दहा टक्क्यांहूनही कमी! राउंड तर सगळ्यांनी मिळूनच घेतला होता. मग त्यांनी एक कागद आणला. दर पेशंटमागे एक पान: आजचं उद्दिष्ट काय, घरी जायच्या दिशेनं पुढचं पाऊल कोणतं, सर्वांत मोठा धोका कशाचा. आठेक आठवड्यांत ९५ टक्क्यांहून जास्त जणांना उत्तर येऊ लागलं. त्या आयसीयूतला सरासरी मुक्कामही २.२ दिवसांवरून १.१ वर आला. हे २००३चं. ना टचस्क्रीन, ना ॲप. लाखो रुपयांचे डॅशबोर्ड विकायला येणाऱ्या मंडळींना हा किस्सा कुणीतरी चहा पाजून ऐकवायला हवा.

फेरारीवाले आले हॉस्पिटलात

लंडनचं ग्रेट ऑरमंड स्ट्रीट हे लहान मुलांचं हॉस्पिटल. सर्जन मार्टिन एलियट आणि आयसीयूचे ॲलन गोल्डमन ऑपरेशनं आटोपून थकूनभागून टीव्हीपुढे बसले होते. पडद्यावर फॉर्म्युला वनची शर्यत. गाडी पिटमध्ये शिरली, काही सेकंदांत चाकं बदलून बाहेर! दोघांच्या डोक्यात एकदमच लख्ख उजेड: हृदयाचं ऑपरेशन झालेलं बाळ थिएटरमधून आयसीयूत हलवताना आपलीही अशीच धांदल असते की. मंडळी थेट इटलीतल्या मारानेलोला, फेरारीच्या दारात.

हॉस्पिटलातल्या या हँडओव्हरचं, म्हणजे बाळ सोपवण्याचं, चित्रीकरण बघून फेरारीचे लोक चाट पडले. नायक कोण ते कळेना. वायरी, नळ्या, पंप आणि बोलणं, सगळं एकाच वेळी. शर्यतीत गाडी कधी सोडायची ते एकच माणूस ठरवतो. इथंही तसंच ठरलं: सूत्रं भूलतज्ज्ञाकडे. आधी यंत्रं जोडायची, तोवर बडबड बंद. मग सगळे थांबतील आणि माहिती एकजण सांगेल. २००७मध्ये निकाल छापून आला: दर हँडओव्हरमागे तांत्रिक चुका ५.४२ वरून ३.१५, सांगायच्या राहून गेलेल्या गोष्टी २.०९ वरून १.०७.

जांभळा पडणारा बाहुला

झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांनी आकड्यांऐवजी पडद्यावर चक्क एक माणूस काढला. नाव ‘व्हिज्युअल पेशंट’. नाडीच्या ठेक्यावर त्याचं अंग धडधडतं, छाती वरखाली होते, ऑक्सिजन उतरला की कातडी जांभळी पडते. गुंगी उतरली की डोळे उघडतात. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भूलतज्ज्ञांना पडदा फक्त ३ किंवा १० सेकंद दाखवला. बाहुला बघणाऱ्यांना नेहमीच्या आकड्यांपेक्षा जास्त गोष्टी टिपता आल्या, आणि डोक्याला तापही कमी. उगाच हुरळून मात्र जायला नको: अशा बऱ्याच चाचण्या कॉम्प्युटरपुढे बसून झालेल्या असतात. झटकन दिसणं ही एक गोष्ट झाली, त्यानं पेशंट लवकर बरा होणं ही दुसरी.

कानानं दिसणारा पडदा

जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतले इंजिनिअर ताकुओ आओयागी १९७०च्या दशकात भलतंच काहीतरी मोजत होते. कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून हृदय किती रक्त फेकतं ते काढायचं होतं. नाडीच्या ठोक्यांनी आलेख सारखा हलायचा, वैताग! तो घालवता घालवता त्यांच्या ध्यानात आलं की या थरथरीतच धमनीतल्या ऑक्सिजनचं गणित दडलंय. पल्स ऑक्सिमीटर निघाला तो असा, अडचणीतून.

पुढे अमेरिकेतल्या नेलकोर कंपनीनं त्यात एक झकास युक्ती घातली: सॅच्युरेशन उतरेल तसा ‘टुक’ आवाजाचा सूर खाली येतो. सर्जनची नजर जखमेवर, सिस्टरची ट्रेवर, भूलतज्ज्ञ औषध काढतोय. सूर उतरला की तिघांच्याही माना वर होतात, कुणी काही न बोलता. माझ्या मते टीमसाठी केलेला सर्वांत यशस्वी पडदा हाच.

त्याउलट अलार्म! सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात ७७ खाटांवर ३१ दिवसांत २५ लाखांहून जास्त अलार्म नोंदले गेले. ऐकू येणारे म्हणाल तर खाटेमागे दिवसाला १८७. हृदयाचा ठेका चुकल्याचे जे तपासले, त्यांतले ८८.८ टक्के खोटे. सिस्टर ढिम्म का असते, ते आलं ना ध्यानात?

तुम्ही कोण?

पेशंट पडद्यावर आला, टीमचं काय? सिडनीचे भूलतज्ज्ञ रॉब हॅकेट यांनी २०१७मध्ये आपल्या टोपीवर मार्करनं ठळक लिहिलं: रॉब, भूलतज्ज्ञ. आधी सहकाऱ्यांनी टिंगल केली, मग जगभर टोप्या रंगू लागल्या. कोविडच्या दिवसांत आपल्याकडेही पीपीई किटच्या पाठीवर, छातीवर मार्करनं नावं आली. नाहीतर पांढऱ्या अंतराळवीरांच्या त्या गर्दीत ‘अहो, व्हेंटिलेटर बघा जरा’ म्हणायचं ते कुणाला? गळ्यातलं ओळखपत्र असतं की, असं कुणी म्हणेल. असतं खरं, पण नेहमी कोऱ्या बाजूनंच उलटून बसलेलं असतं.